क्युरपिपहून परतलेला पाट

बा,

सरकारने माझ्यावर अन्याय केला आहे, आणि दाद मागायला दुसरं कुणी उरलेलं नाही म्हणून तो तुझ्या कानावर घालते. फिनिक्समधला आपला बसथांबा हलवला. फार नाही, तीस पावलं. पूर्वी मी फळवाल्याच्या ताडपत्रीखाली उभी राहायचे, लिचीच्या दिवसांत एखादी लिची चव बघायला म्हणून तोंडात टाकायचे, आणि तो दुसरीकडे बघायचा. पंधरा वर्षांचा हा आमचा करार होता. आता मी भर उन्हात उभी असते. वाहतूक खात्यात विचारणा केली. मी स्वतः सरकारी कारकून, त्यामुळे विचारणा करणं आणि उत्तर न मिळणं या दोन्हींची मला पगारी सवय आहे. पण या खेपेला उत्तर आलं: लोकांच्या सोयीसाठी. कुठल्या लोकांच्या, ते लिहिलं नव्हतं. नवा थांबा नेमका पाद्र्याच्या बंगल्याच्या फाटकासमोर आहे. रोज सकाळी वीस मिनिटं मला तू लावलेलं जास्वंदीचं कुंपण बघावं लागतं. नवा माळी ते चौकोनी कापतो, साबणाच्या वडीसारखं. नऊ वर्षं मी त्या फाटकावरून मान वळवून गेले. आता मान कुठे वळवायची तेच समजत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आपली गोष्ट मी कुणाला सांगितली तर ऐकणारा म्हणेल, एवढ्याशा पाटासाठी? हो, एवढ्याशाच. हातभर रुंद, दोन हात लांब, कडेला एक भेग. पणजोबांनी तो कोकणातून जहाजात घालून या उसाच्या बेटावर आणला असं तुम्ही सगळे सांगायचात. मला वाटतं तो इथल्या फ्लाक जिल्ह्यातल्याच कुठल्यातरी चिंचेचा असावा. मजुरीच्या करारावर अंगठा देऊन आलेल्या माणसाला सामानात पाट कोण आणू देईल? पण आपल्या भावकीत गणपती एकच बसायचा, आणि ज्याच्या घरी पाट त्याच्या घरी तो बसायचा. बाकीच्यांनी तिथे यायचं, झाकरीत, म्हणजे रात्रीच्या भजनात, गायचं, जेवायचं आणि घरी जायचं. पाट थोरल्याकडे जाणार हे कुणी सांगायची गरज नव्हती. तू धाकटा होतास. थोरले ते मोठे बा.

आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. ऊस तोडणीचे दिवस, मोठे बा शेतात होते आणि तू लाबुतिकमध्ये, वाण्याच्या दुकानात, तांदूळ मोजायचास, म्हणून तुझे हात मऊ. आजोबांनी थोरल्याला बोलावलं होतं. निरोप तुझ्या हाती आला, आणि तो तू पोचवला नाहीस. मोठ्या बांचा गोणपाटाचा अंगरखा खुंटीला होता, जळक्या पाल्याच्या आणि रसाच्या वासाचा. तो तू घातलास. तोडणारे गुंडाळतात तशी हातांना चिंधी गुंडाळलीस, घसा जड केलास, आणि म्हाताऱ्याने पाट तुझ्या हातात दिला. संध्याकाळी मोठे बा आले तेव्हा आजोबा रडले म्हणे, पण देवापुढे दिलेला शब्द त्यांनी फिरवला नाही. मोठे बा एवढंच म्हणाले, "ठीक. तुझ्या दारात मी पाय ठेवनार नाय." आठवड्याभरात तू आईला, सहा वर्षांच्या मला आणि पाटाला घेऊन बों अक्योय गाव सोडलंस, आणि फिनिक्सला पाद्र्याच्या बागेत माळी झालास. मला त्या दिवसातलं फक्त बसमध्ये आईच्या मांडीवर मी नव्हे, पाट होता, एवढं आठवतं.

पुढची एकवीस वर्षं आपल्या घरी गणपती बसला. आई गेली, बों अक्योयहून कुणी आलं नाही, आणि मग आरतीला आपण दोघंच उरलो. एकाने झांज धरायची, दुसऱ्याने म्हणायचं. तू तेव्हा काही पस्तावलेला माणूस नव्हतास, बा. शेजाऱ्यांना तू सांगायचास की आजोबांनी पाट मला माझ्या गुणांमुळे दिला. पाद्र्याच्या झाडावरचे आंबे मोजून तू त्याला एक आकडा सांगायचास आणि आपल्या स्वयंपाकघरात दुसरा यायचा. मी आंबे खायचे आणि विचारायचे नाही. माझं शिक्षण असं झालं.

मग त्र्याहत्तर साल. शनिवारची दुपार. पाद्री, तुझा मों पेर, व्हरांड्यात येरझारा घालत दुसऱ्या दिवशीचं प्रवचन क्रेओलमध्ये घोकतो आहे, तू खाली नेच्याच्या कुंड्यांना पाणी घालतो आहेस. तो सांगतो आहे: एक म्हातारा, आंधळा झालेला. त्याचे दोन मुलगे. धाकट्याने थोरल्याचे कपडे घातले, हातांना करडाचं कातडं बांधलं आणि थोरल्याचा आशीर्वाद लाटला. तू झारी खाली ठेवलीस, घरी आलास आणि भिंतीकडे तोंड करून निजलास. मी कचेरीतून आले, कपाळाला हात लावला, ताप नव्हता.

"काय झालं, बा?"

"बों अक्योयवरनं कोनीतरी येऊन गेला."

"कुठे?"

"मों पेरकडं. सगळा सांगून गेला. अंगरखा, हाताची चिंधी, सगळा. नाव तेवढा बदललाय त्यानं, माझी लाज राखायला. उद्या देवळात सगळ्यांफुडं सांगनार हाय."

मी त्या वेळी सत्तावीस वर्षांची, साप्ताहिकात गमतीजमती लिहायला लागलेली, जगातलं सगळं कळलेली. मला ती गोष्ट ऐकून ठाऊक होती. पण तुला सांगितली असती तर तू आंघोळ करून कामावर गेला असतास. तू निजलेला बघायला मला बरं वाटत होतं. 

तू तीन दिवस गेला नाहीस. चौथ्या दिवशी पाद्री स्वतः आला, चिखलाच्या बुटांनी, हातात औषधाची बाटली घेऊन. तू त्याला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलंस आणि स्वतः जमिनीवर बसलास.

"मों पेर, तुमाला कोनी सांगितला ते सांगा. मी भांडनार नाय. मला नाव हवं फक्त."

"काय सांगितलं?"

"माझा नि माझ्या भावाचा."

आधी तो हसला. मग तुझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. "अरे बाबा, तो जाकोब," तो म्हणाला. "तो मरून हजारो वर्षं झाली. तुझ्या गावाचं नावही मला नीट येत नाही."

तू बराच वेळ जमीन बोटाने उकरत होतास. आपल्यासारखा नालायक माणूस आधीच होऊन गेला, आणि तोही थोर म्हणून, हे तुला पटायला वेळ लागत असावा. मग तू विचारलंस, "फुडं काय झाला त्याचा?"

पाद्र्याने सांगितलं. पळाला, दूर देशी सासऱ्याने त्यालाही वीस वर्षं फसवलं, परतीच्या वाटेवर नदीकाठी कुणाशी तरी एकट्याने झुंजला, मांडीचा सांधा निखळला, जन्माचा लंगडा झाला, पण नवं नाव मिळालं. मग भावासमोर सात वेळा जमिनीला टेकला. भाऊ धावत आला आणि गळ्यात पडला.

"मंग सुखात ऱ्हायला?"

पाद्री प्रामाणिक माणूस होता, हे त्याचं दुर्दैव. "नाही," तो म्हणाला. "म्हातारपणी त्याच्या मुलांनीच त्याला फसवलं. एका मुलाचा अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडवून आणून दाखवला. पुष्कळ वर्षं तो त्या अंगरख्यावर रडला."

"म्हंजी फिटला नाय."

"फिटलं नाही. पण माणूस बदलला. त्याच्यामागे एक अख्खं कुळ त्याच्या देवाचं नाव घेत राहिलं." उठताना तो म्हणाला, "तू आमच्यात यायची गरज नाही. नेचे सुकताहेत, तेवढं बघ."

मला कधीकधी शंका येते, बा. चिंधी खरंच गुंडाळली होतीस का? की जाकोबची गोष्ट ऐकल्यावर तू आपला गुन्हा त्याच्या मापाने बेतून शिवलास? आजोबा नाहीत, आई नाही, आणि मोठ्या बांना विचारायचा माझा धीर झाला नाही. पाट मात्र खरा होता.

त्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी तू पाट डोक्यावर घेतलास आणि मला म्हणालास, "चल, बाय." क्युरपिपला बस बदलायची, मग पुढे बों अक्योय. कंडक्टर पाटाचं तिकीट मागत होता. तू म्हणालास, त्यावर बसनारा अजून बसला नाय, बसला की देतो. गावात पोचलो. मोठे बा अंगणात उलट्या बादलीवर बसून कोयत्याला धार लावत होते. तू रस्त्यावरच पाट ठेवलास आणि लाल चिखलात टेकलास. उठलास, दोन पावलं गेलास, पुन्हा टेकलास. शेजारच्या बायका दारांत आल्या. मी मेल्याहून मेल्यासारखी मागे उभी. पाचव्या खेपेला मोठ्या बांनी कोयता खाली ठेवला आणि विचारलं,

"काय रं, काय पडला का तुझा?"

तू सात पुरे केलेस, मगच बोललास. "दादा, पाट आनलाय. तुझा हाय."

"एकवीस वर्सं मी लोकांच्या घरी जाऊन गनपती बगितला," मोठे बा म्हणाले. "आता काय मी तो पाट डोक्याखाली घेऊन निजू? घेऊन जा." मग आत बघून ओरडले, "गे, च्या टाक. दोन मानसं हाईत."

चहा प्यायलो आणि पाट घेऊन परत आलो. तू आपल्या घरी गणपती बसवायचं बंद केलंस, मोठे बा पाट घेईनात. गणपतीला दोन्ही घरांतून सुट्टी मिळाली. पुढच्या वर्षी तू पुन्हा गेलास. त्याच्या पुढच्याही. दर वर्षी पाट जायचा, नकार आणि चहा घेऊन परत यायचा. पंचाहत्तरच्या वादळात मोठ्या बांचं छप्पर उडालं तेव्हा तू न बोलावता पत्रे ठोकायला गेलास, वरून पडलास आणि मांडीचं हाड मोडून घेतलंस. फ्लाकच्या इस्पितळात मी रडत आले तर तू खाटेवर खुशीत. "बाय, सांधाच गेला. जाकोबचा गेला तोच." मोठे बा पायथ्याशी बसलेले. ते म्हणाले, "माझे दोन पत्रे चेपलेन यानं." पण ते रोज येत होते, पेरू घेऊन.

बदललेल्या माणसाबरोबर राहणं किती कठीण असतं हे पाद्र्याने सांगायला हवं होतं. तू खोटं बोलायचं बंद केलंस. अजिबात. पाद्र्याला जाऊन मागच्या एकवीस वर्षांच्या आंब्यांची कबुली दिलीस, त्यात मी खाल्लेल्या आंब्यांचीही. मला बघायला आलेल्या माणसांना सांगितलंस की पोरीला स्वयंपाक बरा येतो, तोंड वाईट आहे. ते उठून गेले ते गेलेच. आणि माझं लिखाण. साप्ताहिकात मी पुरुषाच्या नावाने लिहायचे, बाईच्या तोंडचा टोमणा इथे कुणी विकत घेत नाही म्हणून. एकदा तू शेजारच्या मास्तरांकडून तो मजकूर वाचून घेतलास. त्यात मी एका लंगड्या, गावभर माफी मागत फिरणाऱ्या म्हाताऱ्याची टर उडवली होती. मला वाटलं तू दुखावशील. तू भाजी निवडत होतास, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, लंगडा पाय लांब करून.

"बरा लिवलायस," तू म्हणालास. "हसू येतं. पन हा अंगरखा कोनाचा घातलायस तू?"

मी पुढच्या आठवड्यात त्याच नावाने पुन्हा लिहिलं. अजून लिहिते.

एकोणऐंशी साली साखरेच्या देशात तुझेही डोळे साखरेनेच नेले. चतुर्थी जवळ आली होती. तू उठून बसूही शकत नव्हतास. म्हणालास, "बाय, या वर्साला तू ने. विचारू नको, बोलू नको. पडवीत ठेव नि मागं फिर." मी पाट घेतला. बसमध्ये तो मांडीवर मावला नाही. क्युरपिपला उतरले तर नेहमीचा पाऊस, आणि पुढच्या बसच्या रांगेत आमच्या खात्यातले दोन साहेब. मी पाट पाठीमागे धरला. एकाने विचारलं, सुतारकाम सुरू केलंत वाटतं? दुसरा हसला. एवढंच झालं, बा. कुणी मला मारलं नाही, अडवलं नाही. जिने साप्ताहिकात मंत्र्यांची सालं काढली, ती एका फळीपायी लाजली. मी रांगेतून बाहेर पडले, समोरच्या दुकानात जाऊन चहा घेतला, तासभर बसले, आणि फिनिक्सच्या बसने परत आले. पाट माझ्या खोलीत कपाटामागे ठेवला.

दुपारचे चार वाजले असतील. तू विचारलंस, "पोचला?"

"पोचला."

"काय म्हनला?"

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मी लिहिणारी बाई. मी म्हणाले, "धावत आले, बा. पाट डोक्यावर घेतला. रडले. म्हणाले, त्याला सांग, आता झालं."

तू माझा हात हातात घेतलास. तळव्यावरून अंगठा फिरवलास, बराच वेळ, जसं काही शोधत होतास. पाट इतक्या लांब वाहिला की तळव्याला वळ पडतात, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? माझ्या तळव्याला काही नव्हतं.

"आवाज असा का तुझा?"

"पावसात भिजले."

"बरा," तू म्हणालास. हात सोडलास आणि कूस बदललीस. चौथ्या दिवशी गेलास. तो 'बरा' मी नऊ वर्षं उलटसुलट करून बघते आहे. तुला कळलं होतं आणि तू मला सोडून दिलंस, की कळलं नव्हतं आणि तू सुखाने गेलास, यातलं मला काय हवं आहे तेही आता सांगता येत नाही.

आपल्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही. कडू घास दुसऱ्या घरून येतो. आईच्या वेळी शेजाऱ्यांनी आणला होता. तुझ्या वेळी मोठे बा आले. तुझ्या दारात पाय ठेवणार नाही म्हणालेले, ते ॲल्युमिनियमचं पातेलं फडक्यात बांधून दोन बस बदलून आले. त्यांनी मला पिठलं-भात वाढला, आणि मी पहिला घास घेतल्यावर म्हणाले,

"या साली आला नाय तो. मी वाट बगत व्हतो."

मी घास गिळला.

"कोपरा सारवून ठेवला व्हता. म्हनलं, सहा वर्सं झाली, पाय मोडला त्याचा, आता पुरे. या साली ठेवून घ्यायचा." मग त्यांनी पातेल्यात बघितलं. "अजून घे. बारीक झालीस."

पाट भिंतीपलीकडे होता. चार पावलं. मी उठले असते तर त्यांच्यासमोर आणून ठेवला असता, पण मग कपाटामागे का, हे सांगावं लागलं असतं. मी अजून थोडा भात घेतला. तीन महिन्यांनी मोठे बा गेले. मला निरोप आला होता. मी कडू घास घेऊन जायला हवं होतं. मी ताप आल्याचं कळवलं. त्र्याऐंशीत कपाट हलवलं तर पाटाला वाळवी लागली होती. उचलला तर हातात भुसा आला. तो मी परसात जाळला. तुझा जाकोब मागे अख्खं कुळ ठेवून गेला. तुझ्यामागे मी आहे, पुरुषाच्या नावाने लोकांना हसवणारी, आणि माझ्यामागे कुणी नाही.

गेल्या आठवड्यात मोठ्या बांच्या मागे उरलेली मोठी आई गेली. चुलतदादाने निरोप धाडला. मी पिठलं केलं, भात केला, मोठ्या बांचं माझ्याकडेच राहिलेलं पातेलं काढलं, फडक्यात बांधलं आणि निघाले. क्युरपिपला पाऊस होता. रांगेत आमच्या खात्यातलं कुणी नव्हतं. असतं तर काय केलं असतं, ते मी छातीठोक सांगत नाही. दादा आता टक्कल पडलेला, मोठ्या बांसारखा बादलीवर बसलेला. मी त्याला आणि त्याच्या पोरांना वाढलं. पोरं आपसात क्रेओलमध्ये विचारत होती ही बाई कोण. दादा जेवला. म्हणाला,

"मीठ कमी हाय."

"विसरले."

"असू दे." थोड्या वेळाने म्हणाला, "तुझा बा दर साली यायचा. सात डाव टेकायचा. आमी दारातनं मोजायचो, हसायचो." आणि मग, "शेवटाला समाधान होता का त्याला?"

सांगायचं ठरवून गेले होते, बा. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. मी म्हणाले, "होतं." तेवढंच आलं तोंडातून.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि मी ते साप्ताहिकालाही देणार नाही. तिथे माझं नाव नसतं. वहीतच राहील. एक मात्र केलं. सगळे जेवल्यावर मोरीवर बसून पातेलं राखेने घासलं, पुसलं, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या रिकाम्या खिळ्याला अडकवून कुणाला न सांगता निघाले. नऊ वर्षं ते परत करायला सवड झाली नाही असं मी म्हणत आले. तसं नव्हतं. तळ जाड होता त्याचा. मी रोज त्यात दूध तापवायचे.